साष्टीचे बेटपण

कोलशेतच्या विसर्जन घाटावर उभे राहिले की समोर भिवंडी तालुक्याचा काठ दिसतो. मधल्या पाण्याला आम्ही खाडी म्हणतो. खरे तर ती वसईकडे निघालेली उल्हास नदी. मी एका बेटाच्या उत्तर काठावर राहतो असे म्हटले की शेजारी हसतात. पण ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतची ही भूमी म्हणजे साष्टी बेटच. सहासष्ट गावांची षट्षष्टी, तिची साष्टी, अशी व्युत्पत्ती सांगतात. पोर्तुगीजांनी तिचे ‘साल्सेत’ केले. (गोव्यातही एक सासष्टी आहे, तिचेही त्यांनी तेच केले.)

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४च्या तहात वसईबरोबर हे बेट पोर्तुगीजांना दिले. दोनशे वर्षे त्यांनी ते राखले. ठाण्याचा नवा किल्ला पुरा होण्याआधीच, मार्च १७३७ मध्ये मराठे खाडी उतरून आले. आपण गोडवे गातो ते मे १७३९च्या वसईविजयाचे. माझ्या मते मोहिमेची किल्ली ठाण्याच्या या अरुंद पाण्यात होती. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी खाडीपलीकडची माणसे पेशव्यांच्या बाजूला होती, आणि भरती-ओहोटी त्यांना कुणी शिकवायला नको होती.

इंग्रजांनीही हेच हेरले. पोर्तुगीज साष्टी परत घ्यायला येत आहेत, या वार्तेने घाई करून त्यांनी डिसेंबर १७७४च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेतला. १७८२च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी मात्र त्यांनी सोडली नाही. ती हाती असली की मुंबईच्या दारात मराठी फौज येऊ शकत नव्हती. पुढे याच किल्ल्यात कैदेत ठेवलेले त्रिंबकजी डेंगळे सप्टेंबर १८१६ मध्ये निसटले. तट ओलांडला तरी घाटाकडे जायला खाडी होतीच. तीही त्यांनी पार केली.

मग १८४५ मध्ये माहीमची वाट बांधली गेली, १८५४ मध्ये आगगाडी खाडी ओलांडून कल्याणला गेली, आणि लोक बेट विसरले.

उल्हास आणि ठाण्याची खाडी यांना जोडणारा पूर्वेकडचा फाटा आता गाळाने इतका उथळ झाला आहे की त्यातून होडी न्यायची तर भरतीची वाट पाहावी लागते. काठावरच्या कांदळवनात राडारोड्याचे ढीग येऊन पडतात. ओहोटीच्या वेळी तिथे गेलो, तर पाण्याऐवजी चिखल दिसला.