भांगेत तुळस

वाईट घरात गुणी मूल निपजलं, की आपल्याकडे ‘भांगेत तुळस’ म्हणतात. भाषेने भांगेला दिलेली ही जागा काही मानाची नाही. पण गेली दहा-बारा वर्षं जगभरातले काही आईबाप याच झाडाकडे आशेने पाहताहेत. त्यांची मुलं स्वमग्न आहेत. रात्र रात्र न झोपणारी, स्वतःच्याच हाताला कडकडून चावणारी, भिंतीवर डोकं आपटणारी. या आशेमागचा इतिहास मोठा आहे, आणि त्यातला बराचसा आपल्याच बाजूचा आहे.

अल-बद्री या लेखकाने १४६४ साली हशीशवर एक अरबी ग्रंथ लिहिला. (हशीशचा मूळ अर्थ साधा आहे, गवत.) त्यात बगदादची एक हकिकत येते. झहीरुद्दीन नावाच्या एका दरबारी अधिकाऱ्याच्या मुलाला अपस्मार होता. अली बिन मक्की हा कवी त्याला भेटायला गेला आणि त्याने त्याला हशीश खायला घातली. झटके थांबले. मात्र पुढे झहीरुद्दीनला हशीशवाचून राहता येईना. एका कवीने केलेली वैद्यकी म्हणून मला ही गोष्ट आवडते. बद्रीने तिचा दुसरा भाग गाळला नाही, म्हणून अधिक.

यानंतर थेट कलकत्ता. तिथल्या मेडिकल कॉलेजात विल्यम ओशॉनेसी नावाचे आयरिश डॉक्टर रसायनशास्त्र शिकवत. हिंदुस्थानात तारायंत्र उभारणारे ते हेच. १८३९ साली त्यांनी गांजावरचा निबंध मांडला. ग्रंथांत काय आहे ते त्यांनी आधी पंडितांना आणि हकिमांना विचारलं, आणि त्यांची नावंही निबंधात दिली: कमलाकांत विद्यालंकार, मधुसूदन गुप्त, हुगळीच्या इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली. साहेबांच्या त्या काळात हे सौजन्य दुर्मीळच. मग प्राण्यांवर प्रयोग झाले, मग रुग्णांवर. त्यांत चाळीस दिवसांची एक मुलगी होती. तिला एकामागून एक आकड्या येत होत्या, बाकीचे उपाय थकले होते. तिच्या जिभेवर गांजाच्या अर्काचे थेंब ठेवले गेले, मात्रा वाढवावी लागली, आणि ती वाचली.

विलायतेत मग या अर्काच्या बाटल्या दुकानोदुकानी दिसू लागल्या. पण एका बाटलीचा जोर दुसरीत नसे. अर्क पाण्यात विरघळत नसे, त्यामुळे सुईने टोचता येईना. मॉर्फिन मात्र टोचता येत होतं. १९३२ साली ब्रिटनच्या आणि १९४२ साली अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीतून हे नाव गेलं. झाडात नेमकं औषध कोणतं, हेच तोवर कळलेलं नव्हतं.

ते शोधलं इस्रायलच्या राफेल मेशुलम यांनी. पोलिसांनी जप्त केलेली पाच किलो हशीश मागून घेऊन हे गृहस्थ चक्क बसने प्रयोगशाळेत परतले! १९६३ मध्ये त्यांनी सीबीडी या घटकाची रचना उलगडली, १९६४ मध्ये नशा आणणाऱ्या टीएचसीची. पुढे १९९२ साली त्यांच्याच गटाला आपल्या शरीरात आपोआप तयार होणारा, याच जातीचं काम करणारा एक पदार्थ सापडला. त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड. संस्कृतातल्या ‘आनंद’वरूनच. जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत हा शब्द कामाला आला, याचं मला अजून कौतुक वाटतं.

१९८० साली ब्राझीलच्या डॉक्टरांसोबत मेशुलम यांनी अपस्माराच्या आठ रुग्णांना सीबीडी दिलं. चौघांचे झटके जवळजवळ थांबले. तरी औषध यायला २०१८ उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेने मुलांच्या दोन अवघड अपस्मारांसाठी शुद्ध सीबीडीला मान्यता दिली.

स्वमग्नतेचा धागा इथेच जुळतो. लिओ कॅनर यांनी १९४३ साली वर्णन केलेल्या या अवस्थेतल्या अनेक मुलांना आकड्याही येतात. आकडीसाठी तेल दिलं आणि मूल शांत झालं, झोपू लागलं, असं आईबाप सांगू लागले. पण सांगणं वेगळं आणि पडताळा वेगळा. जेरुसलेममध्ये अदी अरान यांनी पाच ते एकवीस वयाच्या दीडशे जणांवर चाचणी घेतली. कुणाला अर्क, कुणाला नुसतं औषधाविना तेल. कुणाला काय, ते घरच्यांना ठाऊक नाही. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. मुख्य मोजमापांपैकी एकात ठळक फरक नव्हता. डॉक्टरांच्या पाहणीत त्रासदायक वागणं मात्र अर्क घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के मुलांमध्ये चांगलं सुधारलं होतं. आणि नुसतं तेल घेणाऱ्यांत? २१ टक्के. पाचातलं एक मूल औषधाविनाच सुधारलेलं दिसलं! ही फसवणूक नव्हे, आशेने पाहणाऱ्या डोळ्यांचा तो गुण आहे. अर्क घेणाऱ्यांत झोपाळूपणा आणि भूक मंदावणं अधिक आढळलं.

आपल्याकडे १९८५च्या कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली, नुसती पानं आणि बिया बाहेर ठेवल्या. म्हणून पानांपासून केलेली तेलं आयुर्वेदिक औषध म्हणून मिळतात. आमच्या मोहल्ल्यातल्या एका भाभींनी अशाच एका तेलाची जाहिरात मला दाखवली. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा, अजून ‘अम्मी’ म्हणालेला नाही. मी काही डॉक्टर नाही, साधा बीए. “भाभी, बाटलीत सीबीडी किती, टीएचसी किती, ते लिहिलंय का?” एवढंच मी विचारलं. लिहिलेलं नव्हतं. कलकत्त्याच्या बाटलीवरही ते नव्हतं, पण तेव्हा ते मोजता तरी कुठे येत होतं?

भाभींनी बाटली अजून घेतलेली नाही. त्या मुलाच्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारणार आहेत. त्यांना दाखवायला म्हणून मुलगा रात्री किती वाजता झोपतो आणि किती वेळा उठतो, ते त्या रोज एका वहीत लिहून ठेवताहेत.