मुंबईची इराणी हॉटेले

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या झरथुष्ट्री इराण्यांनी मुंबईत चहाची हॉटेले काढली. हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगितले जाते. कोपऱ्यावर दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक येते, हा हिशेबही त्यांना कळत असणारच. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर खुद्द मालक आणि शेजारी बिस्किटांच्या बरण्या, असा सगळा थाट साहेबी, पण दर कामगाराला परवडणारे. कडक ब्रून पाव मस्का लावून चहात बुडवून खायचा. पंगतीत जात पाहिली जाई त्या काळात इथे अनोळखी माणसे एकाच टेबलाशी बसत. शहराला लागलेले हे वळण चहापेक्षा मोलाचे.

या हॉटेलांपैकी धोबी तलावचे कयानी १९०४ साली सुरू झाले. बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे. तिथे आधी गोऱ्या साहेबांच्या जिभेला मानवेल असे, बेताच्या मसाल्याचे जेवण मिळे. आज ते ओळखले जाते आंबट इराणी बेरी घातलेल्या पुलावासाठी, आणि हा पदार्थ तिथे आला तो स्वातंत्र्यानंतर बऱ्याच वर्षांनी.