शिरस्त्राण

बंगाल नागपूर रेल्वेच्या नावातच आमच्यापैकी कित्येकांचे गाव होते. १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे निराळी झाली, मुख्यालय गार्डन रीच. आणि नागपूरकडच्या कुटुंबांचे क्रिकेटवेडही येथेच नांदले.

आज आमची मुले शिरस्त्राणावाचून बॅट हाती धरीत नाहीत. ही शिस्त फार जुनी नव्हे. मार्च १९६२ मध्ये ब्रिजटाउनच्या मैदानावर ग्रिफिथचा चेंडू नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला, कवटीला तडा गेला. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, तसेच आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी. कोलकात्यात १९८१ पासून ३ फेब्रुवारीस वॉरेल यांच्या नावे रक्तदान होते, त्याचे मूळ हे. तेथे रांग धरणाऱ्या आमच्या मंडळींतही थोड्यांनाच ते ठाऊक!

१९७६ मध्ये किंग्स्टनला अंशुमान गायकवाड ८१ धावा काढून कानावर चेंडू घेऊन रुग्णालयात गेले. एकनाथ सोलकरांनी फलंदाजाच्या पुढ्यात उघड्या डोक्याने उभे राहून २७ कसोटींत ५३ झेल घेतले. त्याचे आम्ही कौतुक करतो, अनुकरण करू देत नाही. मार्च १९७८ मध्ये ग्रॅहॅम यॅलप यांनी कसोटीत प्रथम शिरस्त्राण घातले, तेही ब्रिजटाउनलाच. प्रेक्षकांनी हुर्यो केली.

परंतु एप्रिल २०१५ मध्ये याच शहरात झेलासाठी धावताना सहखेळाडूशी टक्कर होऊन वीस वर्षांचा अंकित केशरी गेला. तेथे शिरस्त्राण काय करणार? म्हणून झेल कोणाचा हे मोठ्याने पुकारावे, हा नियम आम्ही मुलांकडून घोटून घेतो. ‘माझा’ म्हणावे की ‘आमार’, यावर मात्र त्यांचे अद्याप एकमत नाही.