फादर स्टीफन्स यांचे मराठी ऋण

बदलीच्या नोकरीत भाषा जपणे किती कठीण, हे आम्ही प्रवासी मराठी जाणतो. म्हणूनच फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र आम्हांस जवळचे वाटते. हे इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतात गेले. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता आणि त्यामागे पोर्तुगीज सत्ता होती, हे विसरता येत नाही. परंतु नवख्रिस्ती जनांची पुराणश्रवणाची ओढ ओळखून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले, आणि आरंभीच मराठीची थोरवी गायिली. १६१६ साली राचोल येथे ते छापले गेले, तेही रोमन लिपीत. पुढे १६८४ साली स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान निघाले. पुराण मात्र टिकले.

मद्रासेस असताना आमची मुले आजीला रोमन अक्षरांत मराठी पत्रे लिहीत, तेव्हा आम्हांस संकोच वाटे. आता वाटते, लिपी सुटली तरी ओढ सुटू नये. परक्याने कष्टाने मिळविलेले धन आपण वारसाहक्काने मिळाले म्हणून गमवावे काय?