टवेरा रिकॉल (२०१३)

जनरल मोटर्स इंडिया कंपनीने जुलै २०१३ मध्ये शेवरले टवेरा या मोठ्या कौटुंबिक गाडीचे सुमारे १,१४,००० नग परत मागवले, ते प्रकरण. २००५ ते २०१३ या काळात तयार झालेल्या, अडीच लिटर (भारत स्टेज ३) आणि दोन लिटर (भारत स्टेज ४) अशा दोन्ही डिझेल इंजिनांच्या गाड्या त्यात होत्या. त्याआधी भारतात कोणी गाड्या परत मागवल्याच नव्हत्या असे नाही. पण एरवी दोष एखाद्या नळीत, वायरीत नाहीतर एअरबॅगमध्ये निघे. टवेराच्या बाबतीत तो गाडी ‘पास’ करून घेण्याच्या पद्धतीतच निघाला, आणि ती पद्धत कंपनीच्याच माणसांनी वर्षानुवर्षे चालवलेली होती.

टवेरा भारतात आली २००४ मध्ये. मूळ जपानी इसुझू कंपनीच्या पँथर या गाडीचे, कारखाना गुजरातेत हालोलला. लांब चेसिस, मागच्या चाकांना जोर, आसने सात ते दहा. टोयोटाची क्वालिस २००५ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी आलेली इनोव्हा महाग होती, त्यामुळे भाड्याच्या धंद्यातली आणि मोठ्या घरांतली बरीच गिऱ्हाइके टवेराकडे वळली. गोव्यात ती पर्यटक टॅक्सी म्हणून जितकी दिसली तितकीच गावगाड्यात. पेडणे तालुक्याच्या पूर्व टोकाला, हणखण्याला लागून असलेले इब्रामपूर हे दोडामार्गच्या वेशीवरचे गाव. या पट्ट्यात जीए आणि एमएच ०७ अशा दोन्ही पाट्यांच्या गाड्या एकाच रस्त्यावर धावतात. लग्नाचे वऱ्हाड, चतुर्थीला मुंबईहून आलेली मंडळी, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात न्यायचा आजारी माणूस, या सगळ्यांना एकाच खेपेत नेणारी गाडी लागते. दहा माणसांत भाडे वाटून घेतले की कोणाला जड जात नाही. टवेराचा खप या हिशेबावर होता. धुराचे प्रमाणपत्र बघून ती कोणी घेतली नव्हती.

विक्री थांबली ती जून २०१३ च्या सुरुवातीला. आधी भारत स्टेज ३ ची गाडी, महिनाभरात भारत स्टेज ४ ची. शोरूममध्ये कारण सांगितले गेले ते ‘तांत्रिक अडचण’ एवढेच. खरे कारण कंपनीने जुलैमध्ये केंद्र सरकारला पत्र लिहून कळवले, आणि ते पत्र भारतीय वाहन उद्योगाच्या कागदपत्रांत वेगळ्या खणात ठेवावे असे आहे.

नवीन मॉडेल बाजारात आणताना कंपनीला तपासणी संस्थेकडून मंजुरी घ्यावी लागते. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली एआरएआय आणि अहमदनगरची व्हीआरडीई या तशा संस्था. मंजुरी मिळाली की काम संपत नाही. कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी मंजूर नमुन्यासारखीच आहे ना, हे बघायला ठरावीक काळाने काही गाड्या उचलून तपासल्या जातात. वाहन उद्योगात या तपासणीला ‘सीओपी’ म्हणतात. टवेराच्या कारखान्यात काही कर्मचारी मुळातच कमी धूर सोडणारी इंजिने हेरत, ती आणखी नीट जुळवून बाजूला ठेवत आणि तपासणीची वेळ आली की तीच गाडीत चढवत. म्हणजे तपासणाऱ्यापुढे जे इंजिन धावले ते गिऱ्हाइकाच्या गाडीत नव्हतेच. दुसरी युक्ती वजनाची. धुराची मर्यादा गाडीच्या वजनाच्या गटावर ठरते आणि जड गटाला ती सैल असते. गाडी सोयीच्या गटात बसावी म्हणून तिच्या वजनातही फेरफार केला गेला. हे बाहेरच्या कोणी उघडकीला आणले नाही. कंपनीच्या अंतर्गत चौकशीत ते सापडले आणि कंपनीनेच कबूल केले. त्यानंतर वीसेक जणांना घरी पाठवण्यात आले, आणि त्याची धग अमेरिकेतल्या मुख्यालयात इंजिन विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत पोचली.

केंद्राने नितीन गोकर्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गोकर्ण तेव्हा वाहन-चाचणी केंद्रे उभारणाऱ्या ‘नॅट्रिप’ या सरकारी प्रकल्पाचे प्रमुख होते. समितीच्या अहवालाने या प्रकाराला सरळ कंपनीने केलेली फसवणूक म्हटले. मात्र पुढे काय करायचे याचे उत्तर कायद्यात नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘सदोष गाड्या परत घ्या’ असे कंपनीला फर्मावण्याचे कलमच नव्हते. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने जुलै २०१२ मध्ये स्वेच्छेने रिकॉल करण्याची एक संहिता आखली होती. टवेराचे रिकॉल त्या स्वेच्छेच्या खात्यातलेच.

मालकाला यातले काही कळले कसे नाही? गाडी दर सहा महिन्यांनी पीयूसीला जात होतीच की. इथे पीयूसी म्हणजे काय ते जवळून पाहावे लागते. डिझेल गाडी उभी ठेवून, गिअर न टाकता अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबतात. सायलेन्सरच्या तोंडात नळी घातलेली असते आणि यंत्र धुराची घनता, म्हणजे धूर किती काळा, एवढेच मोजते. मंजुरीच्या चाचणीत गाडी रोलरवर ठरलेल्या वेगांच्या क्रमाने चालवून नायट्रोजन ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि कणांचे वजन मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही आणि पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीतले यंत्र ते मोजतही नाही. त्यामुळे मंजुरीच्या मर्यादेबाहेरची टवेरा पीयूसीचा कागद मिळवून बिनघोर फिरू शकत होती. मेस्त्रीलाही काही जाणवण्याचे कारण नव्हते: इंजिन घाटात ओढत होते, तेल खात नव्हते, गरम होत नव्हते. या दोषाने प्रवाशाला धोका नव्हता. धोका होता तो रस्त्यालगत श्वास घेणाऱ्यांना, आणि ते सहसा तक्रार घेऊन शोरूमला जात नाहीत.

या प्रकाराची पुनरावृत्ती झाली, तीही दोनदा. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाने भारतात ३,२३,७०० डिझेल गाड्या परत मागवल्या. तिथे इंजिन बदलण्याची गरजच नव्हती. चाचणी सुरू आहे हे ओळखणारी आज्ञावली इंजिनाच्या संगणकात होती. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये कंपनीला ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्याच्या वसुलीला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. जानेवारी २०२४ मध्ये टोयोटाने इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स यांची रवानगी काही काळ थांबवली. जपानमधल्या भगिनी-कंपनीने डिझेल इंजिनांच्या अश्वशक्तीची चाचणी घेताना, विकल्या जाणाऱ्या गाडीतल्यापेक्षा वेगळी आज्ञावली वापरल्याचे निघाले होते. गाड्या वापरायला हरकत नाही असे टोयोटाने सांगितले. तरीही टवेरा, फोक्सवॅगन आणि इनोव्हा या तिन्ही प्रकरणांत परीक्षेला बसलेला एक आणि विकला गेलेला दुसरा, हा भाग सारखाच.

मोठ्या गाड्यांचे नेहमीचे रिकॉल याहून साधे असतात आणि त्यांतले काही महाराष्ट्रातल्या कारखान्यांत उगम पावतात. जुलै २०२१ मध्ये महिंद्राच्या नाशिक कारखान्यात आलेले डिझेल दूषित निघाले. २१ जून ते २ जुलै या बारा दिवसांत तयार झालेल्या, सहाशेहून थोड्या कमी गाड्यांच्या इंजिनांचे भाग अवेळी झिजण्याची भीती होती, म्हणून त्या तपासायला बोलावल्या. २०२२ च्या अखेरीस १२,५६६ एक्सयूव्ही ७०० आणि ६,६१८ स्कॉर्पिओ-एन बोलावल्या गेल्या. हाताने गिअर टाकायच्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचातला रबराचा बेलो संशयास्पद होता. गंमत अशी, की त्याच सुमारास स्कॉर्पिओ-एनला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले. जुन्या, एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला २०१६ मध्ये शून्य मिळाले होते. तारे सांगतात धडक बसल्यावर माणूस वाचेल का. क्लचजवळचा रबर टिकेल का, हे ते सांगत नाहीत.

संख्येने मोठे रिकॉल ऑगस्ट २०२३ मधले: ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळातल्या १,०८,३०६ एक्सयूव्ही ७००. इंजिनाजवळून जाणारा वायरींचा जुडगा कडेला घासून कापला जाण्याची शक्यता होती. वायरीवरचे वेष्टन एकदम तुटत नाही. गाडीच्या थरथराटाने ते रोज थोडे थोडे घासते, तांबे उघडे पडते आणि एक दिवस ते लोखंडाला टेकते. मग फ्यूज जातो, नाहीतर बॉनेटमधून धूर येतो. दुरुस्ती मात्र किरकोळ असते: जुडगा वेगळ्या वाटेने नेऊन पट्टीने बांधायचा. या वेळीही कंपनीने ‘तपासणी’ हा शब्द पुढे केला. ‘रिकॉल’ म्हणायला कंपन्या कचरतात. काही वेळा तर गाडी नेहमीच्या सर्व्हिसिंगला आली की मालकाला न सांगता भाग बदलून टाकतात, आणि तो हकनाक आनंदात घरी जातो की यंदा बिल कमी आले.

कायदा बदलला तो २०१९ च्या दुरुस्तीने. नव्या कलम ११०-अ नुसार पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना अपाय होईल असा दोष असेल तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत मागवायला लावू शकते. तशा गाडीची पूर्ण किंमत परत करणे, तशीच किंवा सरस गाडी देणे, किंवा दुरुस्त करून देणे कंपनीवर बंधनकारक होते. नियम मोडणाऱ्या उत्पादकाला १०० कोटी रुपयांपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तपशिलाचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. किती मालकांनी तक्रार केली की सरकारने हालचाल करायची, हे गाडीच्या प्रकारावर आणि वार्षिक खपावर ठरते. कंपनी आपणहून पुढे आली नाही आणि सरकारला भाग पाडावे लागले, तर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. तक्रारींसाठी रस्ते वाहतूक मंत्रालयाने पोर्टल ठेवले आहे.

एकट्या मालकाला त्याखेरीज ग्राहक आयोगाची वाट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. इब्रामपूरच्या माणसाने गाडी कोल्हापुरात नाहीतर बेळगावात घेतली असली, तरी त्याला उत्तर गोवा जिल्हा आयोगाकडे जाता येते. पूर्वी त्याला विक्रेत्याच्या गावी खेपा घालाव्या लागत. एअरबॅग न उघडल्याच्या हुंडाई क्रेटा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये कंपनीविरुद्ध निकाल दिला. धडक पुरेशी जोराची नव्हती हा कंपनीचा बचाव न्यायालयाने मानला नाही: वेग आणि बल यांचे गणित मांडून धडक मोजायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा जाणकार नसतो.

उरते ते पत्ता सापडण्याचे कोडे. रिकॉलची सूचना कंपनीच्या दफ्तरी नोंदलेल्या मालकाला जाते, म्हणजे बहुधा पहिल्याला. भाड्याची गाडी पाच-सहा वर्षांत हात बदलते. मापशातून पेडण्यात, पेडण्यातून दोडामार्गात जाते, पाटी बदलते, आणि हमी संपली की अधिकृत वर्कशॉपऐवजी गावच्या मेस्त्रीकडे जाऊ लागते. फोन नंबर तर पहिल्या विक्रीतच निकामी होतो. अशा गाडीला जोडून राहतो तो फक्त चेसिस नंबर. सतरा अक्षर-अंकांचा हा क्रमांक आरसी बुकात असतो आणि गाडीच्या सांगाड्यावरही ठोकलेला असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा वर्कशॉपच्या काउंटरवर तो दिला की त्या गाडीचे एखादे रिकॉलचे काम बाकी आहे का ते कळते, आणि ते काम फुकट असते, मालक पहिला असो की चौथा. सेकंडहँड गाडी घेताना टायर, पेंट आणि किलोमीटर बघणारे शंभर असतात. हा नंबर टाकून बघणारा क्वचित.

जनरल मोटर्सने मे २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवण्याची घोषणा केली. हालोलचा कारखाना त्याच वर्षी बंद झाला आणि एमजी मोटरकडे गेला. पुण्याजवळचा तळेगावचा कारखाना डिसेंबर २०२० पर्यंत निर्यातीसाठी चालला, मग हुंडाईने तो घेण्याचा करार ऑगस्ट २०२३ मध्ये केला. रिकॉलचे २०२१ चे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच लागू आहेत. ते २०१३ मध्ये असते तर २००५ ची टवेरा तेव्हाच त्यांच्या कक्षेबाहेर राहिली असती. टवेराची शेवटची गाडी २०१७ मधली, त्यामुळे आज रस्त्यावर असलेली एकही टवेरा त्या नियमांत बसत नाही.