शिक्षक-शिक्षण, ग्रंथालय आणि आपला इतिहास

शिक्षक कोठे घडतो असे विचारले तर आपण अध्यापक महाविद्यालयाचे नाव सांगून मोकळे होतो. तो काय वाचून घडतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. बीड जिल्ह्यात भावी शिक्षकांना शिकविताना हा प्रश्न मला सारखा छळतो, म्हणून हा लेख.

प्रथम माझ्यापुरते सांगतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. आईवडील ऊसतोडीला जात. दसरा सरला की कोयता, भांडी आणि आम्हा लेकरांना घेऊन टोळी निघायची, ती उन्हाळ्यातच परतायची. आमच्या घराविषयी कोठे काही लिहिलेले असेल तर ते उचलीचा हिशेब एवढेच, आणि तोही मुकादमाच्या वहीत. पुढे बी.एड.ला गेलो. तेथील ग्रंथालय म्हणजे तीन लोखंडी कपाटे, आणि किल्ली लिपिकाकडे. तपासणी समिती यायची त्या आठवड्यात आणखी कपाटे यायची, समिती गेली की तीही जायची. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत बी.एड. महाविद्यालयासाठी किमान १००० शीर्षके व ३००० ग्रंथांची अट आहे. कागदावर ती पुरी होते. आम्ही सारे मात्र गाईडवर पास झालो. फुले आणि आंबेडकर त्या गाईडात होते, पाच गुणांच्या टीपेपुरते.

पुढे एम.एड.च्या निमित्ताने औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसू लागलो. तेथे प्रथमच लक्षात आले की, शिक्षक-शिक्षणाचा जो इतिहास आपल्याला शिकवितात तो वुडच्या खलित्यापासून आयोगांच्या यादीपर्यंत जाणारा एक सरळ रस्ता आहे. या रस्त्यावर आपली वस्ती लागतच नाही. ती लागते ती दुसऱ्याच कपाटांत.

या ग्रंथालयाच्या दारापर्यंत आपण कसे पोहोचलो, तेही विसरता येत नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ हैदराबादला, आणि त्याचे माध्यम उर्दू. मराठी मुलाला भाषा आणि अंतर दोन्ही आडवे येत. अस्पृश्याच्या मुलाला तर गावच्या शाळेचा उंबरठाच दूर होता. अशा प्रदेशात १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटविण्यात आल्या. माणसे मारली गेली, कुटुंबे परागंदा झाली, हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. कमानीवरचे नाव आपण एवढी किंमत देऊन मिळविले. त्या माणसाने शिक्षणाविषयी जे लिहिले, ते याच विद्यापीठाच्या क्षेत्रातील शिक्षकाने न वाचताच वर्गात उभे राहावे, ही गोष्ट मला सोसत नाही.

काय लिहिले आहे ते पाहू.

जोतीराव फुल्यांचे १८८२ सालचे हंटर आयोगापुढील निवेदन आपण सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून ओळखतो. मला ते शिक्षक-शिक्षणाचा आराखडा वाटते. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा आणि शक्यतो शेतकरी वर्गातून घेतलेला असावा, असे त्यात आहे. कारणही दिले आहे. असा शिक्षक लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा जाणेल, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला लाजणार नाही. सोवळ्यात राहून अंतर राखणारा शिक्षक हे करू शकत नाही. प्रशिक्षित शिक्षकाला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावात १५ ते २० असावा, हेही त्यांनी मांडले. अभ्यासक्रमात मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान मागितले. हे सारे सांगणारा माणूस शिक्षक होता आणि शिक्षिकेचा पतीही होता. १८४८ पासून जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी चालविलेल्या शाळांच्या अनुभवातून तो बोलत होता. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला होता. मोकळ्या मनाचा शिक्षक काय घडवू शकतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आता बाबासाहेब. १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी एक हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत १८ पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. आज शिक्षणशास्त्रात ‘गळती’ या नावाचे मोठे प्रकरण असते, पण त्यात या भाषणाचा उल्लेख मला क्वचितच आढळला. दुसऱ्याच वर्षी, १९२८ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन आयोगाला अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले. मुंबई इलाख्यातील शिक्षणाचा तो सरकारी कागदपत्रांच्या आधारे लिहिलेला इतिहास आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि त्या मुलाने सरकारकडे अर्ज केला, ती हकिकत त्यात येते. आपले भावी शिक्षक १८५४ चा वुडचा खलिता पाठ करतात. त्यानंतर दोनच वर्षांनी शाळेच्या दारात उभ्या राहिलेल्या या मुलाविषयी त्यांना कोणी सांगत नाही.

हे ग्रंथ दुर्मीळ आहेत असे म्हणावे, तर तेही खरे नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने महात्मा फुले समग्र वाङ्मय १९६९ साली काढले. शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड १९७९ पासून प्रकाशित केले. आज ते खंड मोबाइलवरही फुकट मिळतात. तरी ते बी.एड.च्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाहीत.

याचे एक कारण ग्रंथ लावण्याच्या पद्धतीत आहे. आपल्या महाविद्यालयांतून बहुधा ड्यूईची दशांश पद्धत चालते. तिच्यात शिक्षणाचा क्रमांक ३७०, चरित्रांचा ९२०, मराठी साहित्याचा ८९१.४६, आणि सामाजिक गटांचा ३०५. फुले समग्र वाङ्मय साहित्यात जाते, फुल्यांचे चरित्र ९२० मध्ये, बाबासाहेबांचे खंड राजकारणात किंवा समाजशास्त्रात. भावी शिक्षक ३७० पाशी जातो, गाईड घेतो आणि परततो. दोष ग्रंथपालाचा नाही. एका ग्रंथाला एकच जागा देता येते, हे खरे. पण ती जागा कोणती, हे ठरविणारी पद्धतही माणसानेच केली आहे.

तो माणूस मेल्विल ड्यूई. १८७६ साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली आणि १८८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबियात ग्रंथपालांची शाळा काढली. ज्ञानाचे कप्पे पाडणाऱ्या या माणसाने आपल्या क्लबात ज्यूंना प्रवेशबंदी ठेवली होती. १९०५ साली त्याविरुद्ध तक्रार झाली आणि राज्य ग्रंथपालाचे पद त्याला सोडावे लागले. अमेरिकेच्या ग्रंथालय संघटनेने २०१९ साली आपल्या पदकावरून त्याचे नाव काढले.

त्याच कोलंबियात पुढे दुसरा ड्यूई शिकवीत होता, जॉन ड्यूई. आमच्या विद्यार्थ्यांना तो ‘कार्यवादाचा पुरस्कर्ता’ म्हणून पाठ असतो. त्याच्या वर्गात १९१३ ते १९१६ या काळात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी बसला होता, आणि ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात त्याने या गुरूचे ऋण मान्य केले, हे त्यांना माहीत नसते. गुरू ३७० मध्ये, शिष्य ३०५ मध्ये. दोघांची भेट घडविणे, हे शिक्षक-शिक्षणासाठी असलेल्या ग्रंथालय-सेवेचे पहिले काम आहे असे मी मानतो.

दुसरे कारण अंतर. बीडपासून विद्यापीठ सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. आष्टी, पाटोदा, धारूरच्या विद्यार्थ्याला एका ग्रंथासाठी दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मोडावे लागते. येथे बडोद्याची आठवण येते. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावले आणि संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले. ज्या गावात ग्रंथालय नाही तेथे ग्रंथांच्या पेट्या जात. ज्या राजाने खेड्यात पेटी पाठविली, त्याच राजाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव कोलंबियात गेले. पुढे १९३१ साली रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हा त्यांतील एक. बडोद्याची पेटी तेच काम आधीपासून करीत होती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने शिक्षणशास्त्राच्या कपाटाशी एक यादी लावावी. इतर कपाटांतील शिक्षणविषयक लेखन कोणत्या खंडात, कोणत्या पानावर आहे, ते तीत असावे. तीच यादी संलग्न अध्यापक महाविद्यालयांना जावी. तालुक्यागणिक वीस-पंचवीस ग्रंथांची पेटी फिरावी. आणि आपण प्राध्यापकांनी गाईड बाजूला ठेवून मूळ मजकूर वर्गात वाचावा. यासाठी नवी इमारत लागत नाही.

गेल्या वर्षी मी तसे केले. १९२७ च्या भाषणाच्या प्रती काढून वर्गात वाटल्या. १०० पैकी १८ हा आकडा वाचून कोणी फारसे बोलले नाही. मग छात्रसेवाकाळ सुरू झाला. एका छात्राध्यापिकेने नेमलेल्या शाळेत हजेरीपट मागून घेतला आणि दिवाळीनंतर कोणती मुले दिसेनाशी झाली, त्यांची नावे वहीत उतरविली. कोणाचे आईबाप कोणत्या कारखान्यावर गेले, मूल गावात आजीपाशी राहिले की टोळीबरोबर गेले, हंगामी वसतिगृहात का राहिले नाही, असे रकाने तिने स्वतःच आखले होते. ती वही माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “सर, बाबासाहेबांनी आकडा सांगितला होता, मी नावं लिहिली.”

तिचेही आईवडील त्या वेळी उसाच्या फडात होते. मुकादमाच्या वहीशिवाय आमची नोंद कोठे नसे, आता ती एका शिक्षिकेच्या वहीत होऊ लागली आहे. ही वही भरण्याचे बळ तिला ज्या पानांनी दिले, ती पाने आपल्या ग्रंथालयात कैक वर्षे आहेत. ती कपाटातून काढून तिच्यासारख्यांच्या हाती देणे, एवढेच आपल्याकडून व्हायचे राहिले आहे.