गोंगाट कशाने मोजायचा?

आवाज मोठा आहे हे कोणालाही कळते. पण ‘इथपर्यंत चालेल, याच्या पुढे चालणार नाही’ अशी रेघ कायद्यात कुठे ओढायची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अमेरिकेत गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे देऊन पाहण्यात आली. कधी आवाजांची संख्या मोजली, कधी यंत्राने पातळी मोजली, कधी नुसता कान प्रमाण मानला, तर कधी कानाच्या जोडीला मोजपट्टी दिली. यातल्या बऱ्याच उत्तरांची कसोटी लागली ती रस्त्यावरून फिरणाऱ्या मोटारींमुळे.

सुरुवात मात्र नदीवर झाली. न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीतल्या टग बोटी रात्रभर गरज नसताना शिट्ट्या वाजवत. नदीकाठी राहणाऱ्या, वैद्यकीय पदवी घेतलेल्या ज्युलिया बार्नेट राइस यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. आवाजाची पातळी मोजणारे सोयीचे उपकरण तेव्हा नव्हते. म्हणून त्यांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांना काठावर बसवले आणि शिट्ट्या मोजून घेतल्या. एका रात्रीत हजाराहून अधिक शिट्ट्या नोंदल्या गेल्या. १९०६ मध्ये राइस यांनी अनावश्यक गोंगाटाविरुद्ध संस्था काढली आणि १९०७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बोटींच्या विनाकारण शिट्ट्यांना आळा घालणारा कायदा केला. इथे मोजणी होती ती ‘किती वेळा’ याची. ‘किती मोठा’ हे मोजायचे अजून बाकी होते.

ते काम टेलिफोनच्या अभियंत्यांनी केले. तारेतून जाताना संभाषणाचा आवाज किती क्षीण होतो हे मोजण्यासाठी त्यांनी एक एकक वापरात आणले होते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून त्याला ‘डेसिबल’ हे नाव पडले. ही मोजणी बेरजेची नसून गुणाकाराची आहे. डेसिबलमध्ये १० ची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा १० पट, आणि २० ची वाढ म्हणजे १०० पट. १९२९ मध्ये न्यूयॉर्क शहराने गोंगाट कमी करण्यासाठी एक आयोग नेमला. मोजणीची उपकरणे ट्रकवर चढवून ती शहरभर फिरवण्यात आली. शहराचा गोंगाट प्रथमच आकड्यांत मांडला जाऊ लागला.

पण त्याच सुमारास मोटारही बोलू लागली होती. १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन कंपनीने ‘मोटोरोला’ नावाचा मोटारीतला रेडिओ बाजारात आणला. त्यानंतरच्या काळात टपावर कर्णे बांधून प्रचार करणाऱ्या गाड्यांचा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९४८ च्या ‘साया’ खटल्यात एका धर्मप्रचारकाने मोटारीवरच्या कर्ण्यातून बागेत प्रवचने दिली होती. लॉकपोर्ट गावच्या नियमानुसार त्यासाठी पोलीसप्रमुखाची परवानगी हवी होती. परवानगी कोणत्या निकषांवर द्यायची याबद्दल मात्र नियम गप्प होता. अधिकाऱ्याच्या मर्जीवर भाषणस्वातंत्र्य सोडता येणार नाही, असे म्हणून न्यायालयाने तो नियम रद्द केला. पुढच्याच वर्षी, १९४९ च्या ‘कोव्हॅक्स’ खटल्यात ट्रेंटन शहराचा नियम तपासला गेला. त्यात ‘मोठा आणि कर्कश’ आवाज करणाऱ्या ध्वनिवर्धकाच्या गाड्यांना रस्त्यावर बंदी होती. हा नियम टिकला. ‘मोठा आणि कर्कश’ म्हणजे काय, हे रोजच्या व्यवहारातून लोकांना पुरेसे कळते, असे न्यायाधीशांचे मत पडले. दोन्ही निकाल पाच विरुद्ध चार मतांचे होते, यावरून प्रश्नाची अवघडता ध्यानात येईल. डेसिबल हाताशी असूनही येथे कानच प्रमाण ठरला.

मग यंत्र का वापरू नये? मोटारीतले स्टिरिओ, त्यांचे शक्तिशाली अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठाले वूफर आल्यावर या प्रश्नाचे उत्तर आणखी गुंतागुंतीचे झाले. वूफरमधून खर्जातला, म्हणजे कमी कंप्रतेचा आवाज निघतो. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे ७ मीटर असते. भिंती आणि खिडक्या तारस्वरांना बऱ्यापैकी अडवतात, पण खर्जाला तितक्या अडवत नाहीत. म्हणून बंद मोटारीतले गाणे बाहेर ओळखू येत नाही. येतो तो फक्त धमधम ठोका.

आता मापकाकडे पाहू. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले, की हळू आवाजात आपला कान खर्जाला फारच मंद असतो. कानाशी जुळते घेण्यासाठी मापकात ‘ए’ नावाची मोजणी आली. तीत ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे प्रत्यक्षात ९० डेसिबल असलेला असा ठोका मापकावर ६० दिसतो. हा नियम मुळात हळू आवाजांवरून बेतलेला आहे. आवाज मोठा होतो तेव्हा खर्जाच्या बाबतीत कान इतका मंद राहत नाही. तरीही जगभरचे बहुतेक कायदे हीच ‘ए’ मोजणी वापरतात.

फ्लोरिडा राज्याने वेगळी वाट धरली. मोटारीतला आवाज ठरावीक अंतरावर ‘स्पष्ट ऐकू’ आला की दंड. आधी हे अंतर १०० फूट होते, २००५ मध्ये ते २५ फूट झाले. याचा अर्थ थोडे गणित केले की कळतो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. अंतर चौथा हिस्सा केले म्हणजे नियम १२ डेसिबलने कडक झाला. आवाजाची जेवढी ऊर्जा पूर्वी चालत होती, तिचा सोळावा हिस्साच आता चालणार होता.

दंड झालेले चालक न्यायालयात गेले. २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला, पण ‘स्पष्ट ऐकू येणे’ संदिग्ध आहे म्हणून नव्हे. दोष वेगळाच होता. धंद्याच्या किंवा राजकीय प्रचाराच्या गाड्यांना त्यात सूट होती. प्रचाराचा आवाज चालतो आणि गाण्याचा चालत नाही, असा भेद आवाजाच्या मजकुरावरून केला होता. झोपमोड तर दोन्हींनी सारखीच होते.

आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि तीही ‘ए’ मोजणीचीच. ट्रकवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीतून मिरवणुकीत जो ठोका निघतो, ज्याने खिडक्यांची तावदाने थरथरतात, त्याचा मोठा भाग या आकड्यात उतरतच नाही. यंत्र निःपक्षपाती असते हे खरे. पण त्याने काय मोजायचे आणि काय वगळायचे हे माणसांनीच ठरवलेले असते.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. मैदानावर रेडिओ मध्यम आवाजात लावा. १० विद्यार्थ्यांनी एकेक करून दुरून चालत यावे आणि गाणे स्पष्ट ऐकू येताच थांबावे. प्रत्येकाचे अंतर मोजून फळ्यावर लिहा. आकडे सारखे येणार नाहीत. मग विचारा: दंड करायचा झाला, तर यातला कोणाचा कान प्रमाण मानाल?